पेला मी ठेवला होता

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या वर्धापनदिनी दरवर्षी एक गोष्ट सांगितली जाते आणि ती ऐकताना मला जागेवर स्वस्थ बसवत नाही. प्रभुभोजनाचा हरवलेला चांदीचा पेला एका शनिवारी देवदूताने मंदिरातल्या मेजावर परत आणून ठेवला. पुढे मंडळीतल्या एका विधवेवरचा चोरीचा आळ दूर व्हावा म्हणून गुरुजींनी, म्हणजे मी, न केलेला दोष स्वतःवर घेतला. आणि भर उपासनेत अश्रू ढाळीत मी क्षमा मागितली, अशी ती गोष्ट आहे. सांगणारे बहुधा श्री. शमुवेल असतात. ते आज मंडळीचे वडील, म्हणजे निवडलेले कारभारी, आहेत. त्या वेळी ते तरुण होते व तिसऱ्या ओळीत बसले होते, एवढ्या आधारावर ते स्वतःला साक्षीदार म्हणवतात. साक्षीदाराने जे पाहिले तेच सांगावे. त्यांनी मेजावरचा पेला पाहिला. तो ठेवणारा हात पाहिला नाही. तो हात माझा होता. पेला चांदीचा नव्हता, कल्हई केलेल्या पितळेचा होता. आणि मी रडलो नाही. माझे आता वय झाले आहे. माझ्या पश्चात ही गोष्ट आणखी सुंदर होत जाईल याची मला धास्ती वाटते, म्हणून जे घडले ते लिहून ठेवीत आहे.

आमचे गाव डोणगावपासून तीन कोसांवर. गावाच्या पूर्वेला आमची पंचवीसएक ख्रिस्ती घरे, एक कौलारू मंदिर आणि त्याला लागून मिशनची प्राथमिक शाळा. मी त्या शाळेत शिक्षक होतो आणि मंडळीचा वडीलही होतो. पाद्रीसाहेबांकडे चार गावे असत. ते महिन्यातून एका रविवारी सायकलवर येऊन प्रभुभोजन देत. त्या भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट कोणी घ्यावा व कोणी घेऊ नये, हे मात्र मी ठरवीत असे. आदल्या शनिवारी मी घरोघर फिरे, विचारपूस करी आणि जो योग्य वाटेल त्याला माझ्या सहीची चिठ्ठी देई. रविवारी चिठ्ठी दाखविल्याशिवाय ताट कोणापुढे थांबत नसे. विडी ओढणारा, रविवारी वावरात जाणारा, सिनेमा पाहून आलेला, शेजाऱ्याच्या सणाचा प्रसाद खाल्लेला, या सर्वांना चिठ्ठी मिळत नसे. त्यांना ‘शिस्तीखाली’ म्हणत. त्यांनी सतरंजीवर न बसता दाराजवळच्या उघड्या जमिनीवर बसायचे, असा नियम होता. हे नियम कोणा परदेशी मिशनऱ्याने घातले असे श्री. शमुवेल सांगतात. तेही खरे नाही. मिशनऱ्यांच्या काळी चिठ्ठी होती, पण ती बहुतेकांना मिळे. कडक नियम मी केले, आणि मला त्यांचा अभिमान होता. कृपेविषयीची वचने मला तोंडपाठ होती व मुलांकडूनही ती मी पाठ करून घेई. एका शब्दाची चूक झाली तर ओणवे उभे करी.

सलोमीबाई ही आमच्या मंडळीतली विधवा. मोलमजुरीने वावरात निंदायला जाई आणि शनिवारी मंदिर झाडी, आणि प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी पेला, ताट चिंचेने घासून ठेवी. मंदिराच्या दोन किल्ल्या होत्या, एक माझ्याकडे व एक तिच्याकडे. त्या वर्षी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मला बुलढाण्यास जावे लागले. जाण्याच्या दिवशी मंदिराच्या दाराची कडी निखळलेली दिसली. सुतार दोन दिवस येणार नव्हता. म्हणून पेला मफलरीत गुंडाळून मी शाळेतल्या नकाशांच्या पेटीत, अगदी तळाशी ठेवला आणि पेटीला कुलूप लावले. हे मी कोणाला सांगितले नाही. मी केलेली व्यवस्था दुसऱ्याला सांगण्याची मला सवय नव्हती. बुलढाण्यास मला हिवताप आला. पंधरा दिवसांनी घरी परतलो तेव्हा अंगातला ताप गेला होता आणि त्याबरोबर निखळलेल्या कडीची आणि पेल्याची आठवणही पार पुसली गेली होती. यावर कोणी विश्वास ठेवो वा न ठेवो. मी या लेखात स्वतःविषयी याहून वाईट गोष्टी सांगणार आहे, तेव्हा येथे खोटे बोलण्याचे मला कारण नाही.

पुढच्या शनिवारी पेला नाही असे सलोमीबाईनेच येऊन सांगितले. मी विचार केला, किल्ल्या दोन, एक माझी. मग उरली कोण? मंडळीच्या पंचांसमोर तिला उभे केले. ती म्हणाली, “मी नाही घेतला, गुर्जी.” हे ती एकदाच म्हणाली. दुसऱ्यांदा विचारले तेव्हा म्हणाली, “एकदा सांगतलं ना.” मला तो उद्धटपणा वाटला. कबुली दिल्याशिवाय चिठ्ठी नाही, असा मी निकाल दिला. मंदिराची किल्ली काढून घेतली. जे केलेच नाही त्याची कबुली ती कशी देणार, हा प्रश्न त्या दिवशी तिथे कोणालाच पडला नाही. ती दर रविवारी यायची, दाराशी उघड्या जमिनीवर बसायची, गाणी इतरांबरोबर म्हणायची, आणि ताट फिरू लागले की पदर सारखा करून खाली पाहायची. असे सात महिने गेले.

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. शाळेकडे नव्या राज्याचा नकाशा आला. जुना, मुंबई राज्याचा, भिंतीवरून उतरवून पेटीत ठेवायचा होता. पेटी उघडून मी खालचे नकाशे वर काढले आणि माझ्या हाताला मफलरीत बांधलेले काहीतरी कठीण लागले. गाठ सोडण्याआधीच मला सर्व आठवले. त्या वेळी मी काय करायला हवे होते हे सांगायला पाद्र्याची गरज नाही. उठायचे, सलोमीबाईच्या घरी जायचे आणि सांगायचे. मी मफलरीची गाठ अधिक घट्ट केली, पेला जागच्या जागी ठेवला, त्यावर मुंबई राज्याचा नकाशा ठेवला आणि कुलूप लावले. मग वर्गात येऊन नव्या राज्याच्या सीमा शिकवल्या.

तेव्हापासून माझे चित्त ठिकाणावर राहिले नाही. मी स्वतःशी वाद घालू लागलो. वडिलाचा शब्द खोटा ठरला तर शिस्त कशी राहील? एकीच्या मानापेक्षा मंडळीची घडी मोठी नाही काय? असे मुद्दे मी रोज मांडी आणि रोज स्वतःच खोडून काढी. मग मी देवाशी तडजोड सुरू केली. शुक्रवारी उपवास धरला. तो पुरेना, म्हणून बुधवारचाही धरला. चहा सोडला. खाटेवरून उठून जमिनीवर निजू लागलो. शेवटी मीठ सोडले, तेव्हा माझी पत्नी मार्था ताट पुढे ठेवता ठेवता थांबली.

“एवढं काय मोठं पाप केलं जी तुमी, का मीठ बी बंद?”

“देवाची आज्ञा आहे,” मी म्हणालो.

“देवानं मले तं काही सांगतलं नाही. आता दोन दोन भाज्या कराच्या का मी?”

मी अळणी भाजी खाल्ली. उपवासाने माझी भूक मारली जात होती, पण दाराशी बसलेली ती बाई डोळ्यांपुढून हलत नव्हती. जितके नियम मी स्वतःवर लादले तितका मी अधिक चिडखोर झालो. मुलांना मारू लागलो. चिठ्ठ्या आणखी कमी देऊ लागलो.

पाच महिने असे काढल्यावर मी एक युक्ती केली, आणि हाच तो चमत्कार. कापसाची वेचणी संपली होती. शनिवारी दुपारी सगळी वस्ती वावरात कपाशीची वाळलेली झाडे उपटायला गेली असताना मी पेला कोटाखाली काखेत धरला, मंदिरात गेलो, तो मेजावर ठेवला, वर नेहमीचे पांढरे फडके घातले आणि दाराला कुलूप लावून परतलो. वस्तू जागेवर आली की प्रकरण मिटेल, असा माझा हिशोब होता. दुसऱ्या दिवशी पाद्रीसाहेबांनी फडके उचलले. खाली पेला होता. मग तिसऱ्या ओळीतून श्री. शमुवेल ओरडले, “चमत्कार!” बायका रडू लागल्या. इतक्यात मागून कोणीतरी म्हणाले, “चोराच्या मनात देव आला म्हणावं!” आणि सर्व माना एकाच वेळी दाराकडे वळल्या.

माझा हिशोब तिथे संपला. पेला हरवला होता तोवर काहींना तरी तिच्याविषयी शंका होती. पेला परत आल्यावर ती सर्वांच्या मते पक्की चोर ठरली. उपासनेनंतर पाद्रीसाहेब तिला सौम्यपणे म्हणाले, “बाई, आता नुसते सांगून टाका. कोणी रागावणार नाही.” ती म्हणाली, “घेतलाच नाही, तं ठेवू कशी, सायेब?” हे म्हणताना तिने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. लावण्याचे धाडसही झाले नाही. त्याच आठवड्यात मी धाड गावाच्या बाजूला बदली मिळावी म्हणून अर्ज केला, आणि जी गोष्ट एरवी वर्षभर अडते ती तीन आठवड्यांत मंजूर होऊन आली. महिनाअखेर निघायचे होते. मार्थाने भांडी बांधायला घेतली. माझी सुटका झाली होती. माझ्यामागे सलोमीबाई जन्मभर दाराशी बसली असती आणि मला ते पाहावे लागले नसते.

बदलीचा कागद खिशात असताना मला देवाचा आवाज ऐकू आला असे श्री. शमुवेल सांगतात. आवाज आला नाही. ज्या दिवशी तो आला म्हणतात, त्या दिवशी मी शाळेचा कारभार सोपवण्यासाठी पेटीतले नकाशे मोजून काढीत होतो आणि पेटी रिकामी झाल्यावर मला तिच्या तळाकडे पाहवेना. एवढेच. मी पेटी तशीच उघडी टाकली, छत्री घेतली आणि निघालो. वाटेत मी भाषण तयार केले. मी तीन गोष्टी करीन: मंडळीसमोर कबुली देईन, वडीलपण सोडीन, आणि बारा महिने दाराशी बसेन, कारण तीही बारा महिने बसली होती. पुरेपूर भरपाई. त्या भाषणाची रचना चांगली होती, हे मला आजही मान्य करावे लागते.

सलोमीबाई मंदिरामागच्या बांधावर पऱ्हाट्यांची मोळी बांधीत होती. चुलीसाठी कपाशीच्या वाळलेल्या काड्या या दिवसांत सगळेच जमवतात. मी समोर उभा राहिलो. ऊन डोक्यावर होते.

“छत्री मिटून काऊन उभे गुर्जी? उघडा ना. लोकं म्हणतीन, मास्तर शोभेले आणते.”

मी भाषण सुरू केले. पेला माझ्याकडून ठेवला गेला, या पहिल्या वाक्याच्या मध्यावर ती म्हणाली, “मले माहीत हाय.”

“काय माहीत आहे?”

“तुमी ठेवला ते. त्या शनिवारी मी इथंच पऱ्हाट्या वेचत होती. कोटाखाली असा हात धरून चालले तुमी, मले वाटलं काखेत गळू झालं.”

मी विचारले, “तू कोणाला सांगितले नाहीस?”

“कोनाले सांगू? अन सांगून काय होते? तुमाले उठवून दाराशी बसोलं असतं, मले उचलून तुमच्या जागी. मंग मी तुमाले चिठ्ठी देली नसती.” ती स्वतःशीच हसली. “नाहीच देली असती, खरं सांगते.”

“पण तुझ्यावर अन्याय झाला. मी केला. जाणून केला.”

“झाला ना. लय रडली मी. शिव्या बी देल्ल्या तुमाले, मनातल्या मनात. मंग एक दिवस सोडून देलं. एवढा राग डोक्यावर घेऊन निंदाले बसलं का तन दिसत नाही, पीकच उपटल्या जाते.” तिने दोरी मोळीखालून ओढून घेतली. “तुमाले तं मी कवाचीच माफी देली, गुर्जी. तुमालेच याले उशीर झाला.”

येथे माझ्याविषयीची एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी कोणत्याही आवृत्तीत नाही. मला त्या वेळी कृतज्ञता वाटली नाही. मला राग आला. मी आठवड्यातून दोन दिवस उपाशी राहून, स्वतःला खरडून, तिच्यासाठी एवढी मोठी भरपाई घेऊन आलो होतो आणि या निरक्षर बाईने ती न पाहताच मला मोकळे केले होते, तेही केव्हाच, बहुधा मी मीठ सोडण्याच्याही आधी. मग ते सर्व उपवास कोणासाठी होते? मी आवाज चढवून म्हणालो, “असे चालणार नाही. मला शिक्षा झाली पाहिजे.”

“तं घ्या करून तुमची तुमी. मले चूल पेटवाची हाय.” तिने दोरीचे एक टोक माझ्यापुढे केले. “हे धरा. अन ओढा जोरानं. मास्तराले एवढं तं येते?”

मी छत्री खाली ठेवली आणि ओढले. दोरी ओढताना पऱ्हाट्यांवर घासून माझे तळहात सोलले. गाठ बसल्यावर तिने मोळी डोक्यावर ठेवायला मला हात लावायला सांगितला, कारण डोक्यावरचे ओझे एकट्याने उचलता येत नाही, दुसऱ्याचा हात लागतोच. मी हात लावला. ती घराकडे निघून गेली. मी ती मोळी स्वतःच्या डोक्यावर घेऊन साऱ्या गावातून फिरलो, असे आता सांगतात. मी एक पाऊलही फिरलो नाही. मी बांधावर उभा राहिलो, तळहातातले कुसळ काढण्याचा प्रयत्न करीत राहिलो, आणि माझ्याजवळ देण्यासारखे काहीही उरलेले नाही हे मला अतिशय अपमानास्पद वाटत राहिले. ज्या वचनांसाठी मी मुलांना ओणवे केले होते, त्यांचा अर्थ माझ्या डोक्यात तेव्हा शिरू लागला. तो मला गोड वाटला नाही. आयुष्यभर नियम पाळून जी जागा मिळवली असे मी समजत होतो, ती मिळवण्याची नव्हतीच. ती दिलेली होती, आणि दिलेली असल्यामुळे दाराशी बसलेल्यांचीही होती. मग मी कोणाच्या मेजावर पहारा देत होतो?

पुढच्या रविवारी पाद्रीसाहेब आले. शनिवारी इतरांच्या चिठ्ठ्या मी शाळेतल्या मुलांच्या हाती पाठवल्या आणि एकच स्वतः नेऊन दिली होती, ती सलोमीबाईला. उपासनेत उभा राहून मी चार वाक्ये बोललो, मोठ्या आवाजात आणि ताठ मानेने: पेला मी पेटीत ठेवला व विसरलो, मला सापडल्यावर मी लपवला, मेजावर मीच ठेवला, बाई निर्दोष आहे. सभेत कुजबुज झाली. श्री. शमुवेल शेजाऱ्याला म्हणाले, “पाहा, कसे बाईसाठी स्वतःवर घेऊन राह्यले!” हे मी माझ्या कानांनी ऐकले. मी सतरंजीवरून उठलो आणि दाराशी उघड्या जमिनीवर जाऊन बसलो. सलोमीबाई तिथेच बसलेली होती. आत जा असे मी तिला खुणावले, तर हळूच म्हणाली, “राहू द्या. इथं वारा लागते.”

ताट फिरत फिरत दाराशी आले. तिने तुकडा घेतला. मग पाद्रीसाहेब माझ्यापुढे थांबले. मी मान हलवली.

“माझ्याजवळ चिठ्ठी नाही,” मी म्हणालो.

“मी मागितली नाही, गुरुजी.”

“नियम आहे.”

“कोणाचा?”

सगळे मंदिर ऐकत होते. “माझा,” मी म्हणालो, आणि तो शब्द माझ्या तोंडून इतका लहान निघाला की मलाच ओळखू आला नाही. तरीही मी हात पुढे केला नाही. बारा महिने बसण्याचा माझा निर्धार होता. तेवढा तरी माझा होता, तो सोडवत नव्हता. पाद्रीसाहेब वाकूनच उभे राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी शेजारून सलोमीबाईचा आवाज आला, “घ्या ना आता. सायबाची कंबर धरली असन.”

कोणीतरी हसले. मी हात पुढे केला. सलोमीबाईने आपल्या तुकड्यातला अर्धा मला दिला, असेही सांगितले जाते. तसे घडले असते तर ते फार शोभले असते. तसे घडले नाही. मला पूर्ण तुकडा मिळाला, तिला मिळाला तेवढाच.

बदली मी रद्द करून घेतली. चिठ्ठ्यांची पद्धत पुढे बंद पडली. ती मी बंद केली असे म्हणतात, प्रत्यक्षात मी लिहिणे सोडले आणि दुसऱ्या कोणाला ते काम नको होते. सलोमीबाई आता नाही. मी चांगला माणूस झालो असे कोणी समजू नये. हा लेख वाचणाऱ्यांना माझा स्वभाव कळला असेलच. शांती मला मिळाली तीही मुक्कामाला राहिली नाही, पाहुण्यासारखी येते आणि जाते. परंतु ज्याने मी मागण्याआधी मला क्षमा केली, आणि ती एका रागीट, थट्टेखोर बाईच्या तोंडून मला कळवली, त्या प्रभूचा मी ऋणी आहे व हे ऋण फेडण्याचा प्रयत्न मी आता करीत नाही. मला जे समजले ते इतकेच की शरण जाणे म्हणजे आपली भरपाईसुद्धा खाली ठेवणे. ते मला एकदाच साधले नाही, दर महिन्याला नव्याने करावे लागते. ताट माझ्यापुढे येते, मी हात पुढे करतो, आणि आजही बोटे आपोआप मिटतात. मग मी ती एकेक करून उघडतो.